कानबाईपुढे उघडलेला फोन

नारळ तळहातावर आडवा ठेवून शेतात फिरायचं आणि जिथे तो उभा राहील तिथे विहीर खणायची – असं 'पाणी दाखवणाऱ्या' लोकांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. मी विहिरी खोदायचं कंत्राट घ्यायचो. पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. या लोकांमुळेच मला कामं मिळायची, तरी शेतकऱ्याला मी तोंडावर सांगायचो की बाबा, नारळ उभा राहतो तो हाताच्या कलाने, पाण्याने नाही. भूत, करणी, अंगात येणं, यातलं मला काहीच कधी पटलं नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचतो. तेव्हा आता मीच एका नारळाची गोष्ट सांगायला बसलोय, यावर कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही पुष्कळ हसून घेतलं आहे.

आधी माझी अवस्था सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

एका विहिरीत काळा पाषाण लागला म्हणून आम्ही सुरुंग लावले होते. सगळे उडाले असं समजून मी खाली उतरलो आणि वाकून पाहिलं. एक उडायचा राहिला होता, तो तेव्हा उडाला. हे सगळं मला इतरांनी सांगितलेलं. मला तो दिवस आठवत नाही, आणि त्याच्या मागचंही बरंच काही पुसलं गेलंय. नाक गेलं, वरचा ओठ गेला, वरच्या जबड्याचा पुढचा भाग दातांसकट गेला. डोळ्यांवर कामाचा चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आधी धुळ्याला नेलं, मग जळगावला एका प्लास्टिक सर्जनकडे. त्यांनी हाताची कातडी नाकाच्या जागी आणि मांडीची गालावर लावून मला माणसांत आणलं. देवमाणूस. पण जे होतं ते त्यांनाही परत आणता येईना. आता मी मास्क लावून पुतण्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसतो. कोरोनाने लोकांना मास्कची सवय लावली, एवढे उपकार त्याने माझ्यावर केले.

खाण्यापिण्याचे हाल आहेतच, पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. ओठ मिटत नसल्यामुळे मला प, ब, म म्हणता येत नाही. बायकोचं नाव ललिता, ते मात्र स्वच्छ येतं. ती म्हणते, "नशीब मनं," म्हणजे माझं नशीब. मुलीचं नाव मनू. अपघात झाला तेव्हा ती पाळण्यात होती. मी तिला हाक मारतो तेव्हा तोंडातून फक्त 'नू' निघतं.

एकदा तिला अंगणवाडीत सोडायला गेलो आणि पाणी प्यायला मास्क खाली केला. समोरचं एक पोरगं किंचाळून रडायला लागलं. त्या दिवसापासून मी मनूला कोपऱ्यावर सोडून परत फिरायचो. मनात धरूनच चाललो की हिलाही माझी भीती वाटत असणार, बापाची लाज वाटत असणार, बिचारी सहन करतेय. आपला खरा बाप तिने कधी पाहिलाच नाही. तो तिला एकदा दाखवायचा, आणि 'मनू' म्हणून हाक मारायची... मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी चेहरा-प्रत्यारोपणाचा विषय काढला तेव्हा मी पूर्ण ऐकून न घेताच हो म्हणालो.

दूरच्या एका शहरातलं मोठं हॉस्पिटल याची तयारी करत होतं. नाव लिहीत नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी संमती दिली तर त्याचा चेहरा – कातडी, स्नायू, नसा, लागलं तर हाडसुद्धा – काढून दुसऱ्याला लावायचा. माझ्यासारख्यांपैकी कोण त्यात बसतो, याची ते चाचपणी करत होते. डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. गोड बोलण्याचा त्यांचा स्वभावच नाही. म्हणाले, हा तुमचा जुना चेहरा नसेल आणि देणाऱ्याचाही नसेल. हाडं तुमची, वरचं त्याचं, तिसराच कोणी दिसेल. सुरुवातीचे बरेच महिने तो हलणार नाही, गार-गरम कळणार नाही. हसायला, ओठ मिटायला परत शिकावं लागेल, आणि किती जमेल ते आज कोणी सांगू शकत नाही.

मग गोळ्यांचं सांगितलं. शरीर परकी वस्तू ठेवून घेत नाही, ते तिला हाकलायला बघतं. म्हणून शरीराची ताकदच दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. त्याने साधा ताप महागात पडू शकतो, किडनी जाऊ शकते, कॅन्सरचा धोका वाढतो. शेणामातीपासून, धान्याच्या धुळीपासून लांब राहायचं. मी म्हणालो, साहेब, पिंपळनेरमध्ये माती टाळायची तर हवेतच राहावं लागेल. ते हसले नाहीत. गोळ्या घेऊनही शरीराने तो चेहरा नाकारला, तर तो काढावा लागेल, आणि तेव्हा आज आहात त्याहून वाईट अवस्था होईल. जीवही जाऊ शकतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी सगळ्याला मान हलवत होतो. खरं सांगायचं तर ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात फक्त 'म' होता.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे माझी मोठी काकू, घरातला शेवटचा शब्द तिचा. तिने किडनी-बिडनी काही विचारलं नाही. म्हणाली, "बापू, तो मानूस मरी जाई, नि त्यानं तोंड आपला घरमा ऱ्हाई. मंग त्यानं सुतक आपले धरनं पडी का? आखाजीले त्यानी घागर कोन भरी?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ज्याचा चेहरा माझ्या मानेवर जेवतोय, हसतोय, त्याच्या नावाची घागर त्याच्या घरी भरायची की नाही, हा प्रश्न मी खरंच जळगावला डॉक्टरांना विचारला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नाही.

त्या मोठ्या हॉस्पिटलच्या एक मॅडम माझ्याशी फोनवर बोलायच्या. मूळच्या विदर्भातल्या, त्यामुळे मराठीतच. त्या सारखं एकच वळवून वळवून विचारायच्या... नवीन चेहऱ्याकडून तुमची अपेक्षा काय? मी मनूचं सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, "आणि समजा ऑपरेशन झालं, पण मुलगी तुमच्याजवळ आलीच नाही तर?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, या असल्या तोंडाच्या बापाजवळ ती येते, मग चांगल्या तोंडाच्या बापाजवळ का येणार नाही? त्या म्हणाल्या, विचार करून ठेवा, घाई नाही. मला त्यांचा रागच आला होता.

त्यांना माझे जुने फोटो हवे होते, जमल्यास बोलतानाचा, हसतानाचा व्हिडिओ. इथे घोडं अडलं. लग्नाच्या अल्बममध्ये मी फेटा आणि मुंडावळ्यांच्या मागे आहे. आधार कार्डावरचा फोटो कोणाचाही असू शकतो. बाकी सगळं माझ्या जुन्या फोनमध्ये. अपघाताच्या दिवशी तो वर मोटारसायकलच्या डिकीत होता म्हणून शाबूत राहिला, पण त्याचा पॅटर्न मला आठवेना, आणि ललिताला तो कधी माहीतच नव्हता. चेहरा दाखवून उघडायची सोय मी करून ठेवलेली, पण तो चेहरा आता कुठून आणू? माझा मेहुणा योगेश, साक्रीला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, दाजी, उघडता येईल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. म्हणून फोन कपाटात पडून होता. मी त्या फोनमध्ये होतो आणि तो मला आत घेत नव्हता.

आता कानबाईचं सांगतो. खानदेशाबाहेरच्यांना माहीत नसेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, साडी, दागिने. सगळी भावकी एका घरात जमते, नैवेद्याला गव्हाच्या पिठाचे जाड रोट होतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात. आमच्या घराण्यातली पद्धत अशी की रोटाच्या पिठातलंच थोडं पीठ घट्ट मळून नारळावर त्याचा थर द्यायचा आणि त्यातून नाक, गाल, ओठ, हनुवटी काढायची. त्यावर हळद, आणि मग घरातले चांदीचे डोळे लावायचे. नदीवर पीठ पाण्यात सोडतात, नारळ आणि डोळे परत घरी येतात. अपघाताआधी हे तोंड करायचं काम माझ्याकडे होतं. विहिरी खोदणाऱ्याच्या हाताला ती कला कुठून आली कोण जाणे. अक्का दरवर्षी चिडवायची, "तुना हातनी कानबाई तुनासारखीच दिखस." आणि बायका हसायच्या.

अपघातानंतर मी ते सोडलं होतं. चुलतभाऊ करायचा. त्याची कानबाई बटाट्यासारखी दिसायची, पण देवीला कोण नावं ठेवणार.

त्या वर्षी आमच्या आजोबांच्या वेळचा नारळ तडकलेला निघाला. असं झालं की नवा नारळ घेतात, जुना त्याला टेकवून ठेवतात आणि चांदीचे डोळे जुन्यावरून काढून नव्याला लावतात. जुना नंतर नदीत सोडतात. अक्का म्हणाली, नव्या नारळाचं पहिलं तोंड बापूच करेल. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, करशील. केलं.

समोर आरसा नव्हता, फोटो नव्हता. बोटांना जसं येत गेलं तसं करत गेलो. ओठांपाशी आल्यावर जरा थांबलो होतो, एवढं आठवतं. मिटलेले ओठ केले. डोळे बदलताना मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, आणि मी अक्काला विचारलं की आता ही जुनी कानबाई की नवी? ती पदराने चांदी पुसत होती. "कानबाई तीच शे. नारय बदलना फक्त," म्हणाली. तिला त्यात विचार करण्यासारखं काहीच वाटलं नाही.

सोमवारी सकाळी योगेश तो फोन घेऊन आला. नाशिकला त्याच्या ओळखीचा एक जण होता, तो आतलं न पुसता उघडून बघतो म्हणाला होता, त्याच्याकडे पाठवायचा होता. योगेशने रात्रभर चार्ज करून नुकताच चालू केलेला. अक्काने तो त्याच्या हातातून घेतला आणि देवीसमोर, काच तिच्याकडे करून, तांब्याला टेकवून उभा ठेवला. आमच्याकडे ट्रॅक्टरची किल्ली, पोरांची दप्तरं, दुकानाचं कुलूप, सगळं देवीपुढे ठेवतात. त्यात नवल काही नव्हतं.

आरती चालू होती. मी देवीच्या बाजूला भिंतीशी उभा, मास्क लावून; तिथून फोनची काच दिसत होती. सगळे टाळ्या वाजवत होते, फोनजवळ कोणाचा हात नव्हता. तेवढ्यात फोनची काळी काच उजळली. पडद्यावर कुलपाची खूण असते ती दिसली, आणि मग ती सरकून गेली आणि मनूचा पाळण्यातला फोटो आला. माझ्या जुन्या फोनचा वॉलपेपर.

फोन उघडला होता.

योगेश आरती सोडून पुढे गेला. त्याने फोन उचलला, बघितला, माझ्याकडे बघितलं. "दाजी, हाई व्हऊच शकत नही," एवढंच म्हणाला. पण माणूस धंद्याचा, त्याने आधी काय केलं असेल, तर फोनला परत कुलूप लागायच्या आत सगळे फोटो आणि व्हिडिओ ललिताच्या फोनवर पाठवून दिले.

मिरवणूक निघायला वेळ होता. आतल्या खोलीत आम्ही बसलो – मी, ललिता, मनू, अक्का, योगेश. शेवटचा व्हिडिओ अपघाताच्याच सकाळचा निघाला. ओट्यावर मी मनूला मांडीवर घेऊन बसलोय. ललिता शूट करतेय. मी तिला वर उडवतोय आणि म्हणतोय, "मनू... ए मनी... माझी मन्या." किती सहज येत होते ओठ एकत्र. माझ्या पुढच्या दातांत फट होती, हे मी साफ विसरलो होतो. मी रडलो. ललिताही रडली. मला वाटलं, हाच तो क्षण. आता हिला तिचा बाप दिसला.

मनू तोपर्यंत बोलायला पक्की झाली होती. तिने व्हिडिओ पूर्ण पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला. मग आईला विचारलं, "हाऊ कोन शे?"

"तुना पप्पा शे ना वं," ललिता म्हणाली.

मनूने माझ्याकडे पाहिलं. आईने काहीतरी गंमत केली असं समजून हसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "नही. पप्पा आठे शे." आणि आम्हाला पटेना म्हणून समजावून सांगितलं, "तो मनू म्हनस. पप्पा नू म्हनस."

मग तिने माझा मास्क खाली ओढला, नेहमी ओढते तसा, आणि मांडीवर चढून बसली. घरात ती मला मास्क लावूच देत नाही. हे मी रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. ती काही सहन करत नव्हती. तिच्या लेखी माणसाच्या बापाचं तोंड असंच असतं. ज्या चेहऱ्यासाठी मी जीव पणाला लावायला निघालो होतो, तो तिला परक्या माणसाचा वाटला. आणि मी तर अजून तिसराच कोणी होऊन येणार होतो.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. कानबाईला पांझरा नदीवर नेलं. तिथे मी केलेलं तोंड पाण्यात विरघळलं, जुना नारळ वाहत गेला, नवा घरी आला.

त्या आठवड्यात मी मॅडमना फोन केला आणि माझं नाव काढायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं.

"मुलीने ओळखलं नाही," मी म्हणालो.

"पण अजून ऑपरेशन कुठे झालंय?"

"मी मागत होतो तो चेहरा तिने पाहिला. म्हणाली, हा पप्पा नाही."

त्यांनी नाव काढते म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या की निर्णय बदलला तर फोन करा, आणि नाही बदलला तरी करा. पूर्वी त्यांचा राग आला होता, त्याबद्दल मी माफी मागितली. हे वाचून कोणी असं समजू नये की ते ऑपरेशन वाईट. ज्याला श्वास घेता येत नाही, ज्याला घास गिळता येत नाही, त्याने जरूर विचार करावा, फक्त माझ्यासारखं अर्धवट ऐकू नये. माझं कारण एकच होतं आणि ते खरं निघालंच नाही. जळगावचे डॉक्टर आता हाताच्याच कातडीने ओठाचं काहीतरी छोटं करता येतं का बघताहेत. जमलं तर जमलं.

आता फोनबद्दल. तुम्ही म्हणाल, स्वस्तातले फोन फोटोलासुद्धा फसतात, आणि कानबाई माझ्यासारखीच दिसत होती. मीही आधी तेच म्हणालो. चांदीचे डोळे आणि हळदीचे गाल बघून फोनने 'आला मालक' म्हटलं, असं समजू. पण योगेशचा मुद्दा वेगळा आहे. फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिल्या वेळी चेहरा चालतच नाही, पॅटर्नच टाकावा लागतो. चेहरा खरा असला तरी. त्याने आपल्या दुकानातल्या त्याच कंपनीच्या फोनवर हे पुन्हा पुन्हा करून मला दाखवलं, एकदाही उघडला नाही. आणि माझा फोन तर त्याच सकाळी चालू केलेला. पॅटर्न कोणी चुकून काढला म्हणावं, तर बोट लावायला जवळ कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी मी परत कानबाईचं तोंड केलं, परत मिटलेले ओठ, परत फोन तांब्याला टेकवला. 'पॅटर्न टाका' एवढंच दिसत राहिलं. अक्काला यात काही गूढ वाटत नाही. मला वाटतं, आणि ते कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिलं.

व्हिडिओ ललिताच्या फोनवर आहे. मनूला आता समजावून सांगितलंय, तिला ते बहुतेक कळलंही आहे. पण ती त्या माणसाला अजून 'फोनवाला काका' म्हणते, आणि हल्ली घरात आम्हीही तसंच म्हणायला लागलोय. परवा व्हिडिओ बघता बघता तिने मला विचारलं, "पप्पा, फोनवाला काका आते कोठे ऱ्हास?"

कुठे राहतो म्हणून सांगू? मी तिला व्हिडिओ पुन्हा लावून दिला.